साखरपुड्यातलं हमस

राहीबाईंच्या घरात साखरेला नाही म्हणणं म्हणजे देवाला पाठ दाखवणं. कृष्णाकाठची बारा एकर उसाची जमीन, कारखान्याचं सभासदत्व, दिवाळीला सवलतीच्या साखरेची पोती दारात. चहात चमचा उभा राहील इतकी साखर पडायची, आणि पाहुणा 'जरा कमी' म्हणाला तर थोरले दीर लालासाहेब मिशीत हसायचे, "आमच्यात साखर काय इकत आनत्यात व्हय?" सारं घर त्यांना आबा म्हणायचं. त्यांचा शब्द खाली पडू द्यायची तिथं रीत नव्हती.

नेमक्या त्याच घरात राहीबाईंना शुगर निघाली. गेल्या वर्षी सांगलीला उजव्या पायाची करंगळी कापावी लागली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "मावशी, गोळ्या मी देतो, तोंड तुम्ही सांभाळा. नाहीतर पुढच्या खेपेला घोट्यापासून." राहीबाई भ्याल्या, खरोखर भ्याल्या. कारण हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. थोरल्या जाऊबाई, लालासाहेबांची हरणाबाई, अशाच गेल्या. आधी पंजा गेला, मग गुडघ्याखालचा पाय, मग त्याच गेल्या. सणावाराला, पाहुण्यारावळ्यांत "एका घासानं काय हुतंय" म्हणून घरचे भरवायचे आणि त्या गुमान खायच्या. नाही म्हणायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

राहीबाईंनी मात्र हट्ट धरला. जेवणाचं जमलं, पण दुपारचे चार वाजले की पोटात कावळे ओरडायचे आणि हात आपसूक बिस्किटाच्या डब्याकडे जायचा. त्यावर इलाज काढला तो नवऱ्यानं. मानसिंग फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, शांतिसेनेतून लेबनॉनला वर्षभर राहिलेला. तिथलं हमस त्याच्या जिभेवर होतं. रात्री काबुली चणे भिजवले, सकाळी कुकरला मऊ शिजवले, चोळून सालं काढली, भाजलेले तीळ, लसूण आणि लिंबू घालून बारीक वाटलं. वरून करडईच्या तेलाची धार आणि कांदा-लसूण मसाल्याची चिमूट.

पहिल्या खेपेला मानसिंग हाताच्या सवयीनं त्यात गुळाचा खडाही टाकून बसला. "आवं, कुनासाठी करताय ह्ये?" म्हणून राहीबाईंनी तो खडा चमच्यानं बाहेर काढला आणि दोघं पोट धरून हसली.

भाकरीचा तुकडा, काकडीची फोड, गाजर, कशालाही लावून खावं. पोट तास-दोन तास गप्प बसायचं. भाजलेले चणे तर राहीबाईंच्या पदराला बांधलेलेच असत. सहा महिन्यांत तपासणीचे आकडे खाली आले आणि पायाची जखम भरली. अख्ख्या घरात ह्याचं कौतुक दोघांनाच होतं, बाकीचे नाक मुरडत.

अशात पल्लवीचं, त्यांच्या लेकीचं, औंधच्या विश्वजीतशी जमलं आणि साखरपुड्याची तारीख निघाली. राहीबाईंनी जिलेबी-पेढ्यांच्या शेजारी परातभर हमस मांडायचं ठरवलं. लालासाहेब खवळले. ते राहीबाईंशी बोलले नाहीत, थोरला दीर धाकट्या भावजयीशी बोलत नसतो. ते मानसिंगशी बोलले, पण स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात. "पाव्हन्यांस्नी वाटल्यालं हरभरं वाढनार व्हय रं? लोकं तोंडात श्यान घालतील!" चौतीस वर्षांत राहीबाई त्यांच्यासमोर तोंड उघडून बोललेल्या नव्हत्या. चणे तेवढे दुप्पट भिजले.

साखरपुड्याला मांडव भरला. सुपारी फुटली, अंगठ्या झाल्या. मग विश्वजीतची आई रीतीप्रमाणं पेढा घेऊन राहीबाईंसमोर आली. विहिणीनं विहिणीला भरवायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. राहीबाईंनी तिचा हात हलकेच धरला.

"ताई, मला शुगर हाय. तुमचा मान माझ्या डोक्यावर, पर पेढा न्हाई खायाची मी."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. वरपक्षातलं कुणीतरी पुटपुटलं, "पयल्याच दिवशी आमचं गोड नाकारलं." पल्लवीचं तोंड पांढरं पडलं. एका पेढ्यापायी लेकीचं जमलेलं मोडणार, ही भीती राहीबाईंनाही होतीच.

लालासाहेब तरातरा पुढं आले. विहिणीच्या हातातला पेढा त्यांनी घेतला आणि राहीबाईंच्या तोंडासमोर धरला. "मानसिंग, सांग हिला. एका पेढ्यानं काय हुतंय?"

मानसिंग उठू लागला. राहीबाईंनी त्याला हातानंच बसवलं. डोक्यावरचा पदर तसाच होता, नजर मात्र वर आली.

"त्यास्नी कशाला सांगताय, आबा? मी हितं हुबी हाय, मला सांगा."

राहीबाई थांबल्या नाहीत.

"एक बोट दिलं म्या ह्या गोडापायी. आता नखसुदिक द्यायची न्हाई. लेकीच्या लग्नात मी माझ्या पायांवर हुबी ऱ्हानार." मग त्या विहिणीकडं वळल्या. आवाज मऊ झाला, पण वाकला नाही. "ताई, घास भरवायचाच हाय न्हवं? मग त्या परातीतला भरवा. तुमच्या हातचा म्हनून मी आनंदानं खाईन."

विहीणबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग नवऱ्याला न विचारताच त्या परातीकडं गेल्या. भाकरीचा तुकडा मोडला, हमसमध्ये बुडवला आणि राहीबाईंच्या तोंडात घातला. उरलेलं बोटांना लागलं होतं ते चाखून म्हणाल्या, "लसून झ्याक लागतोय ह्यात." मांडवात हसू फुटलं, पल्लवीचा जीव भांड्यात पडला.

लालासाहेब पेढा धरून तसेच उभे होते. त्यांच्याकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं. खालच्या आवाजात, पहिल्यांदाच थेट भावजयीला ते म्हणाले, "हरनीनं मला कवा न्हाई म्हनलं न्हाई."

राहीबाईंनी तोंडातला घास नीट चावून गिळला.

"म्हनूनच गेल्या त्या, आबा."

लालासाहेबांचा हात खाली आला. राहीबाईंनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि परातीतलं हमस भरपूर लावून घेतलं.