सभा नव्हे, उपासना

औनेने गावच्या ख्रिस्ती देवळाची झाडलोट आटोपली, वेदीवरचं पांढरं कापड सारखं केलं आणि वळून पाहते तो दारात दोघं उभी. एक तिची भाची लोइदे, मिशनच्या शाळेत शिकणारी. दुसरा शानिका, तो दक्षिणेत पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, होण्याचं शिक्षण घेत होता आणि सुट्टीला गावी आला होता.

"मेमे, किल्ली तुझ्याकडेच ना?" शानिकाने विचारलं. सारं गाव औनेला मेमे, आई, असंच म्हणे.

"पाळकबाबा दौऱ्यावर गेलेत, म्हणून माझ्याकडे. का रे?"

"शनिवारी देऊळ उघडून दे. दक्षिण आफ्रिकेने इथलं राज्य सोडून जावं, असं निवेदन आम्ही विद्यार्थ्यांनी केलंय. जगभरच्या ल्यूथरन ख्रिस्ती मंडळ्यांना ते धाडायचंय. त्याला गावाची संमती हवी."

"म्हणजे सभाच. सभेला तर सरकारची बंदी आहे."

"उपासनेला नाहीये ना! कुणी विचारलं तर म्हणायचं, उपासना चालली होती."

दृढीकरण होऊन मंडळीत पक्की घेतली गेली त्या दिवसापासून औनेचा नेम होता: पहाटे एक स्तोत्र म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि देवळाच्या उंबऱ्याआत खोटं बोलायचं नाही. पहिला नेम आजारपणात एकदोनदा मोडला होता. दुसरा कधीच नाही.

"मग किल्ली मिळायची नाही," ती हळूच म्हणाली.

"मेमे, देश मोठा की तुझा नेम?"

"चल, पाळकसाहेब," लोइदे त्याला ओढत म्हणाली. "शिकायला गेलास आणि पहिला धडा खोटं बोलायचाच गिरवलास वाटतं!"

दोघं गेली, पण औनेच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तिचा थोरला, एनो, लढ्यात सामील व्हायला सरहद्द ओलांडून अंगोलात गेला होता. देश मोकळा झाल्याशिवाय तो परत येणार नव्हता. संध्याकाळी उखळात बाजरी कांडताना तिच्या मनात एकच घोळत होतं: किल्ली नाही दिली, तर मी माझ्या लेकाच्याच वाटेत उभी राहते, आणि दिली, तर देवासमोर खोटी पडते. कांडता कांडता तिचं मुसळ थांबलं. तिने लोइदेला हाक मारली आणि शानिकाला बोलावून घेतलं.

"उपासनाच करायची. खरीखुरी. गीत, शास्त्रवाचन, प्रवचन. तुमचं निवेदन मध्यस्थीच्या प्रार्थनेत, दुसऱ्यांसाठी मागतो त्या विनंत्यांत, म्हणा. देवाला सांगा. लोक ऐकतीलच."

"पण लोकांनी हात वर करायला हवेत, मेमे!"

"दर विनंतीला मंडळी काय म्हणते?"

"'प्रभो, आमचं ऐक.'"

"मग? संमती आणखी वेगळी ती काय असते?"

शानिकाने तिथेच निवेदनाचा कागद उलगडून त्याच्या विनंत्या पाडायला घेतल्या. लोइदे फिस्सकन हसली. "आता खरा पाळक होशील बघ तू!"

शनिवारी देऊळ शिगोशीग भरलं. पहिलं गीत संपतं न संपतं तोच नातांग्वे दारातून आत आला. सरकारी पोलीस, पण ह्याच गावचा. दृढीकरण ह्याच वेदीपुढे झालेलं. सवयीने त्याने टोपी काढली आणि मागे भिंतीशी उभा राहिला. बायांनी लेकरं जवळ ओढली.

प्रवचन झालं. शानिका प्रार्थनेला उभा राहिला.

"खटल्यावाचून डांबलेल्या आमच्या भावांसाठी..."

"प्रभो, आमचं ऐक."

"करारावर खाणीत राबणाऱ्या, पोरांचं तोंडही न दिसणाऱ्या बापांसाठी..."

"प्रभो, आमचं ऐक."

"परक्यांचं राज्य आमच्या भूमीवरून उठावं आणि हा देश आमचा आम्हाला मिळावा, म्हणून..."

सगळे गप्प. कुणाची मान मागे वळेना, कुणाचं तोंड उघडेना. औनेने डोळे मिटले. आता आपणच म्हणायचं, असं तिने ठरवलं. तेवढ्यात मागून खर्जातला भरदार आवाज आला:

"प्रभो, आमचं ऐक."

नातांग्वे! मिसरूड फुटल्यापासून तो गायकमंडळातला खर्जाचा गडी. प्रार्थनेत खंड पडला की उत्तर उचलून धरायचं, हे त्याच्या अंगवळणीच पडलेलं. तोंडून निघाल्यावर त्याला कळलं, आणि त्याने टोपीच तोंडावर धरली. पण आता मंडळीला कोण आवरणार? दुसऱ्यांदा उत्तर आलं ते छपराचा पत्रा दणाणवत.

उपासना सुटली, तेव्हा तो दारात औनेची वाट पाहत होता. ती अजून उंबऱ्याच्या आतच होती.

"मेमे, वर सांगावं लागेल मला. ही सभा होती की उपासना?"

"उपासना. तू उत्तर कुणाला दिलंस? शानिकाला?"

"छे! देवाला."

"मग?"

त्याने मान खाजवली. इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "आवाज फार मोठा झाला का गं?"

"मोठा झाला. पण सुरात होता."

तो हसला, टोपी डोक्यावर चढवली आणि, "उपासनाच होती म्हणून सांगतो," असं म्हणून सायकलीकडे गेला.

देवळामागच्या झाडाखाली बायांनी बाजरीचं आंबील वाटायला घेतलं होतं. निवेदनाचा कागद मांडीवर घेऊन शानिका म्हणाला, "लिहितो, की सबंध गावाने एकमुखाने संमती दिली."

"आणि पहिली पोलिसाने, हेही लिही!" लोइदे म्हणाली, तशा सगळ्याच हसल्या.

औनेही हसली. मग आंबिलाचा वाडगा शानिकापुढे ठेवत म्हणाली, "गावाचं लिही बाळा. त्याचं नाव नको घालू. त्याला बायकापोरं आहेत."