पट्ट्यावरची खोटी तारीख

तारखेचं लेबल बदलून देण्यात कसलं आलंय पाप, असं गाड्यांच्या सीट शिवणारे मास्तर वीस वर्षं मानत आले होते. आपण तरी काय वेगळं करतो? चालतंय ना, मग चालू दे, असं आपल्यापैकी कोण म्हणत नाही?

शर्यतीच्या गाडीत चालकाला सीटला आवळून धरणारे रुंद पट्टे असतात. उन्हाने आणि ताणाने त्यांचा धागा विरत जातो, म्हणून ठरावीक वर्षांनी ते टाकून द्यायचे असतात. पण दिसायला पट्टा धडधाकट दिसतो. मग लोक तो मास्तरांकडे पाठवत, मास्तर नव्या तारखेचं लेबल शिवत, आणि मैदानावरचा तपासनीस तेवढी तारीख वाचून गाडी सोडत असे.

पंधरा दिवसांपूर्वी असाच एक पट्टा खांद्यापाशी फाटला. गाडी उलटली आणि सव्वीस वर्षांचा तरणाताठा चालक जागच्या जागी गेला. सरळ धावपट्टीवरची ती शर्यत होती जेमतेम दहा सेकंदांची.

आज भरदुपारी त्याचा थोरला भाऊ दुकानात आला. त्याने आपले जुने पट्टे मशीनवर ठेवले.

"मास्तर, रविवारी मी उतरतोय. लेबल बदलून द्या."

मास्तरांनी सवयीने कात्री उचलली. तेवढ्यात मागे फोम कापत बसलेली त्यांची बायको उठून आली.

"अहो, ठेवा ती कात्री खाली. धाकट्याचं लेबल कोणी शिवलं होतं, ते आधी सांगा त्याला."

"सगळेच करतात गं. मी नाही शिवलं तर दुसरा कुणी शिवेल."

"शिवू दे. त्याचं तो बघेल. मी रोज जेवायला वाढते ते तुम्हाला, त्याला नाही."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "बाळा, ती तारीख खोटी होती. मीच शिवली होती रे."

"ठाऊक आहे मला," भाऊ म्हणाला. "मित्राच्या हाती पट्टे मीच पाठवले होते. धाकटा म्हणत होता, नवे येईपर्यंत थांबू. मीच त्याला भित्रा म्हणून चिडवलं. आता तसल्याच पट्ट्यांत मीही बसणार. माझं जे व्हायचं ते होऊ दे."

"आणि तुझ्या आईचं?" मास्तरांच्या बायकोने विचारलं. "तिने कुणाचं काय वाकडं केलंय?"

तो हुंदके देऊन रडू लागला. मास्तरांनी ते पट्टे मधोमध कापले. वीस वर्षांत शिवलेलं प्रत्येक लेबल त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. किती जणांच्या गळ्याशी आपण खोटं शिवलं! उद्या मैदानावर जाऊन सगळं कबूल करायचं, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

मग दुकान बंद करून तिघेही त्या आईकडे गेले. मास्तरांनी आणि थोरल्याने काहीही न लपवता सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मंडळी, सुरक्षेचा नियम तपासनिसाला दाखवायला नसतो. घरी कुणीतरी आपली वाट बघत असतं, त्याच्यासाठी तो पाळायचा असतो.

शेवटी आईने थोरल्याचा हात घट्ट धरला. "तू तरी घरी येत जा रे," एवढंच ती म्हणाली.