शेवटच्या फरशीचं माल्ट

हार्बलिंग गावचं माल्टघर एप्रिलमध्ये बंद झालं तेव्हा मालकांनी भाषणबिषण काही केलं नाही. शेवटच्या फरशीवरचं माल्ट भट्टीतून वाळून निघालं आणि उरलेल्या चार माणसांच्या हातात त्यातलं पाच-पाच किलो जाड कागदी पिशव्यांत भरून दिलं, एवढाच काय तो निरोप समारंभ. त्या चौघांत सिडनी लार्टर होता. एकोणचाळीस वर्षं त्यानं त्याच दगडी फरश्यांवर काढली होती. भिजलेले जव पसरायचे, मोड फुटले की दिवसातून तीनदा लाकडी फावड्यानं उलटायचे, नाहीतर मुळं एकमेकांत गुंतून सगळ्याचा गालिचा होतो. मग भट्टीवर वाळवायचे, की झालं बिअरचं माल्ट. या कामानं उजवा खांदा खाली उतरतो. त्याला तिथली माणसं माकडखांदा म्हणतात आणि हसतात, पण सिडचा हात आता कानाच्या वर जात नव्हता. केस विंचरायचे तर त्याला मान खाली घालावी लागे.

पिशवी त्यानं घरी आणली आणि बागेतल्या शेडमध्ये फळीवर ठेवून दिली. त्याच्या बायकोनं, एनिडनं, ती पाहिली.

एनिडच्या घरात दारूचा थेंब येत नसे. तिचा बाप गाडीवान होता आणि जानेवारीतल्या एका सकाळी पबपासून दोनशे पावलांवरच्या चरात गोठलेला सापडला होता. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्याच महिन्यात तिनं चॅपलमधल्या शपथेच्या वहीत सही केली की आयुष्यात दारूला शिवणार नाही. लग्नाच्या आधी तिनं सिडला एकच अट घातली होती: घरात आणायची नाही. बाहेरचं तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. शुक्रवारी तो रेग थर्टलबरोबर पबमध्ये एक ग्लास बिअर घ्यायचा आणि नंतर मळ्यांकडून लांबच्या वाटेनं घरी यायचा, म्हणजे तोंडाचा वास जावा. सदतीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती.

आता काम नव्हतं. सिड सकाळी पाचलाच जागा व्हायचा आणि उजाडेपर्यंत पडून राहायचा. विश्रांती मिळाली की थकवा जाईल असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. इतकी वर्षं उभा असलेला थकवा आता कुठे खाली बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

नोव्हेंबरात रेगनं त्या पिशवीची आठवण काढली. रेग त्याच चौघांतला, पण घरी एकटाच राहणारा. स्वयंपाकघरात स्वतःपुरती बिअर करायचा. तो म्हणाला, माल्ट वर्षाच्या आत वापरलेलं बरं, नंतर कोंबड्यांपुढे टाकायच्या लायकीचं उरतं. सिडनं कबूल केलं की आपण जन्मात कधी बिअर केलेली नाही. रेग त्याच्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे एकोणचाळीस वर्षं पीठ मळलंस आणि एक भाकरी नाही थापलीस?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक काचेचा बुधला, जाळीच्या कापडाची थैली, हॉप्सच्या कडू फुलांची पुडी आणि यीस्टचं पाकीट आणून दिलं. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहूनही दिलं: सात लिटर पाणी. सव्वा किलो माल्ट, भरडून. सदुसष्ट अंश, एक तास. थैली काढ. फुलं घालून एक तास उकळ. गार कर. यीस्ट.

एनिडला विचारायचं सिडनं दोन दिवस मनात घोळवलं. मग तो बुधवारची वाट बघू लागला. बुधवारी ती सकाळच्या बसनं बहिणीकडे जायची ती पाचला परतायची.

बस वळणाआड गेली आणि त्यानं माल्ट टेबलावर ओतलं. भरडायला त्याच्याकडे चक्की नव्हती. त्यानं एनिडचं लाटणं घेतलं आणि मूठ-मूठ दाणे टॉवेलात गुंडाळून ठेचायला लागला. वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. सव्वा किलो म्हणजे किती दाणे असतात हे त्याला, ज्यानं टनांनी जव उलटले त्याला, तेव्हा कळलं. खांदा आधी दुखला, मग भाजल्यासारखा झाला, मग बधिर झाला. मधेच तो थांबायचा, खिडकीतून बाहेर बघायचा आणि पुन्हा लाटणं उचलायचा. संपलं तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती.

पुढचं सोपं असायला हवं होतं. जॅमच्या मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, एनिडचाच जॅमचा थर्मामीटर लावला, पातेल्यात थैली अंथरून माल्ट सोडलं. पारा भसकन एकसष्टवर आला. त्यानं पुन्हा मंद आच लावली आणि ढवळत राहिला, डाव्या हातानं. सदुसष्ट झाल्यावर पातेलं आपल्या कामावरच्या जुन्या कोटात गुंडाळलं आणि तासभर टेकावं म्हणून खुर्चीत बसला.

जागा झाला तेव्हा पावणेदोन वाजले होते.

आता थैली वर काढायची. भिजलेलं माल्ट शिशासारखं जड होतं. थैली उचलून निथळेपर्यंत धरून ठेवायची, आणि ते उजव्या हातानं होण्यासारखं नव्हतं, एकट्या डाव्याच्यानंही नव्हतं. त्यानं दोन्ही हात लावून ती ओढली. अर्धी वर आली आणि खांदा सुटल्यासारखा झाला. थैली धपकन परत पडली. गरम चिकट पाणी त्याच्या मनगटावर, चुलीवर, फरशीवर उडालं.

सिड स्टुलावर बसला. त्याला राग आला नाही, रडूही आलं नाही. त्याच्या मनात एवढंच आलं की शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना सगळं ओतून द्यावं आणि फरशी पुसावी. पण फरशी पुसायला वाकायचीही त्याच्यात ताकद नव्हती. तो तसाच बसून राहिला, आणि मागचं दार उघडून एनिड आत आली.

बहिणीला ताप होता, म्हणून ती दुपारच्याच बसनं परतली होती. ती दारात उभी राहिली. टेबलावर सांडलेला भुस्सा, आपलं लाटणं, आपलं पातेलं, त्याला बांधलेला नवऱ्याचा कोट, सगळ्यावरून तिची नजर फिरली. मग ती त्याच्या मनगटावर थांबली. तिनं हातमोजे काढले, त्याला उठवून नळाशी नेलं आणि त्याचा हात गार पाण्याखाली धरला.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"आमचं माल्ट आहे. शेवटचं."

"ते दिसतंय मला. त्याचं काय करतोयस, सिड?"

त्यानं सांगितलं. अट आपण विसरलो नव्हतो, हेही सांगितलं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

"म्हणून विचारलंच नाहीस."

"हो."

तिनं नळ बंद केला. तो आता काहीतरी ऐकायची तयारी करून उभा होता. पण एनिड चुलीशी गेली आणि पातेल्यावर वाकली. ती इतका वेळ वाकून राहिली की तिच्या चष्म्यावर वाफ धरली.

"हा तुझ्या सदऱ्यांचा वास आहे," ती म्हणाली.

"असणारच."

"तुला ठाऊक नाही." ती चष्मा पुसत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. "लग्नानंतर पहिलं वर्षभर तू संध्याकाळी दारात आलास की मी तुला हुंगायची. तुला वाटायचं मी मिठी मारतेय. माल्टचा वास कुठे संपतो आणि दारूचा कुठे सुरू होतो ते मला कळायचं नाही. बाबांना पण असाच यायचा वास, धान्याचा. रोज वाटायचं, आज हा पिऊन आला. रात्रभर तुझा श्वास ऐकत पडायची."

सदतीस वर्षांपूर्वीच्या त्या मिठ्या सिडला चांगल्या आठवत होत्या. माल्टघरातली पोरं त्यावरून त्याला चिडवायची, आणि त्याला आपलं मोठं भाग्य वाटायचं.

"कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"काय बोलायचं? मग कळलं की नुसता कामाचाच वास आहे. तेव्हा थांबले."

ती टेबलाशी बसली. तिचाही चेहरा दमलेला होता. दोन बसप्रवास आणि बहिणीचं आजारपण. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आत्ता ही दारू आहे का?"

"नाही. आत्ता नुसतं गोड पाणी. यीस्ट घातल्यावर होते दारू."

"खरं सांगतोयस?"

"एकोणचाळीस वर्षं याच धंद्यात होतो, एनिड."

तिनं चमचा घेतला, पातेल्यातून थोडंसं काढलं, फुंकलं आणि चाखलं. आजारी पोरांना दुधात घालून देतात त्या पुडीसारखं लागतंय, म्हणाली. मग तिनं बाह्या वर केल्या. एका बाजूनं तिनं, एका बाजूनं त्यानं अशी ती थैली दोघांनी उचलली आणि वरच्या कपाटाच्या मुठीला बांधून टांगली. ती निथळत असताना एनिडनं फरशी पुसली. पुढच्या तासात उकळी सांभाळणं, उतू जाऊ न देणं हे सगळं तिनंच केलं. इतक्या वर्षांच्या जॅमनं तिचा हात त्यात मुरलेला होता. पातेलं मोरीत गार पाण्यात ठेवताना दुसरी बाजूही तिनंच धरली. पण ते बुधल्यात ओतून झालं तशी तिनं हात धुतले.

"यीस्ट तू घाल," ती म्हणाली. "मी त्याला हात लावणार नाही. आणि हा बुधला या घरात राहणार नाही."

म्हणून बुधला शेडमध्ये गेला. दोन दिवस तो छान बुडबुडला. तिसऱ्या रात्री समुद्रावरून गार वारा सुटला आणि सकाळी बुधला गप्प. रेग म्हणाला, यीस्टला थंडी बाधली, ऊब दे. तेव्हापासून सिड सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि अंधार पडताना एकदा रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती कोटाखाली धरून बागेतून शेडकडे जायचा. जाताना वाऱ्याकडे पाठ करायला तिरका चालायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं.

सहाव्या दिवशी तो पिशवी भरत असताना एनिड म्हणाली, "आण तो आत."

"काय?"

"तो तुझा बुधला. जिन्याखाली ठेव आणि वर काहीतरी टाक. मला दिसता कामा नये. तुझ्या त्या येरझाऱ्या बघून मीच दमले."

सिडनं बुधला आत आणला आणि कोटाखाली झाकला. दुसऱ्या दिवशीपासून जिन्याखालून बुडबुडे ऐकू यायला लागले. एनिड जिना चढताना पावलं जरा जोरात टाकायची.

डिसेंबरात बाटल्या भरल्या. नऊ झाल्या. एक रेगच्या स्वयंपाकघरात उघडताच निम्मी छताला गेली. चार बाटल्या माल्टघरातल्या जुन्या सोबत्यांत वाटल्या. रेगनं आपली बाटली जागच्या जागी उघडून पाहिली आणि पाणचट आहे, पावासारखी लागते, पहिली म्हणून चालेल, असा निकाल दिला. त्या सोबत्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं, वॉल्टर उटिंगनं, घोट बराच वेळ तोंडात धरून ठेवला आणि गिळल्यावर कुठल्या शेतातले जव होते ते विचारलं. सिडला माहीत होतं, त्यानं सांगितलं. वॉल्टरनं मान हलवली.

घरी मात्र त्यानं एकही उघडली नव्हती. एका रविवारी जेवणानंतर एनिड टेबलाशी बटाटे सोलत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पिणार कधी आहेस ती? की नुसती जिन्याखाली पुरून ठेवायचीय?"

सिडनं बाटली आणली. ग्लास घेतला. तो तिच्यासमोर बसून प्यायला. तिनं एकदा ग्लासकडे पाहिलं आणि पुन्हा बटाट्यांकडे. बिअर गढूळ होती आणि रेग म्हणाला तशीच पाणचट. तरी तिच्या तळाशी कुठेतरी भट्टीच्या मजल्यावरची ऊब होती. पहाटे वाळलेलं माल्ट ओढून घेताना नाकात बसायची ती.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"ठीक."

"इतका खटाटोप करून नुसती ठीक?"

"हो." त्यानं थोडा विचार केला. "दुसऱ्यांनी केलेली जास्त चांगली लागते. पण दुसऱ्यांनी केलेल्यात आमचं माल्ट कुठलं ते कळायचं नाही कधी."

अर्धा ग्लास झाल्यावर तो थांबला. त्याला पुरे वाटलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "बस?"

"बस."

तिनं सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. तिनं तो किती वेळ धरून ठेवला होता हे त्यानं विचारलं नाही.

मग तिनं शेडमधल्या उरलेल्या माल्टचं काय करणार ते विचारलं. आपल्याच्यानं पुन्हा हे होणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. खांदा आठवडाभर हलवता आला नव्हता. कोंबड्यांना घालीन, म्हणाला.

"कोंबड्यांना नको," एनिड म्हणाली. सोललेल्या बटाट्यांचं भांडं तिनं बाजूला सारलं आणि बटाट्यांची दुसरी टोपली पुढे ओढली. "चॅपलच्या चहापानाला त्याचा पाव करते. भरडायचं मी बघीन. तू फक्त किती बारीक ते सांग."

सिड खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं डोळे मिटले. सालांसकट हवं का विनासाल, असं ती विचारत होती. तो सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याला झोप लागली.