वन्संचं नाक

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या नाकाला मी जेवढी घाबरायचे, तेवढी सासूलाही घाबरत नव्हते. मी पातेलं घासून, पालथं घालून, खिडक्या सताड उघडून साळसूदपणे बसलेली असायचे, आणि या बाहेरून आल्या की पायातल्या चपला काढायच्या आत विचारायच्या, "दूध लागलं होतं का गं?"

त्याच नाकाच्या जोरावर पुढे त्यांनी घरी व्हॅनिलाचा अर्क करायला घेतला. शेंगा उभ्या चिरायच्या, बाटलीत सोडायच्या, त्या पुऱ्या बुडतील एवढी व्होडका ओतायची आणि अंधाऱ्या कपाटात महिनोन् महिने मुरू द्यायचं. मधूनमधून बाटली हलवायची. व्होडका आणायला आम्ही दोघी जायचो. पहिल्यांदा दुकानदाराने मिश्किलपणे विचारलं, "पाहुणे येणार वाटतं?" वन्सं म्हणाल्या, "पाहुणे नाही, केक."

उजेड लागू नये म्हणून बाटल्या तपकिरी काचेच्या. आतलं काही दिसत नाही. मी एकदा वर चिठ्ठ्या चिकटवायला बसले, तर म्हणाल्या, "मग नाक काय चष्मा अडकवायला ठेवू?" बूच काढून बाटली नाकाखालून गेली की निकाल. "कच्चा आहे, अजून दारूच बोलतेय." नाहीतर, "झाला." चूक कधी झाली नाही. कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्या एका शब्दावर बाटल्या न्यायचा. म्हणजे, आधी भांडायचा, मग न्यायचा. "आत्या, यंदा जरा फिकाच वाटतोय." "फिका तुझा चहा!" असं अर्धा तास चालायचं. दोघांनाही त्याशिवाय चैन पडत नसे.

यंदा वन्सं तापाने आडव्या झाल्या. उठल्या, घरात हिंडू-फिरू लागल्या. एका सकाळी त्या गॅसपाशी उभं राहून भाजी निवडत होत्या आणि हाताच्या अंतरावर दूध करपत होतं. वासाने मी बाहेरच्या खोलीतून धावत आले.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "बोलण्याच्या नादात लक्षच नव्हतं."

स्वयंपाकघरात बोलायला कुणी नव्हतं.

हे नाक एकदाचं बंद व्हावं म्हणून मी कितीदा मनात बोटं मोडली असतील. आता मुकाट्याने पातेलं घासलं. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि मग मी काय करणार होते?

पुढच्या आठवड्यात बेकरीवाला आला. कपाटात पुढच्या रांगेत नुकत्याच भरलेल्या बाटल्या होत्या; मीच ठेवल्या होत्या. कुठेही ठेवल्या तरी वन्संचं कधी अडत नसे. त्यांनी पुढचीच उचलली.

"वन्सं, ती मागची..."

"आता तू शिकव मला."

बूच काढलं. बाटली नाकाखालून नेली, थोडी थांबवली, परत नेली. "झाला," म्हणाल्या आणि त्याच्या हातात दिली.

त्याने हुंगलं. नुसती दारू, डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. तोंड उघडलं, आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याचं लक्ष वन्संकडे गेलं. त्या टेबलाची कड घट्ट धरून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

"वा, आत्या," तो म्हणाला. "एक नंबर."

पुढच्या रांगेतल्या बाटल्या पिशवीत घालून तो गेलासुद्धा.

वन्संनी टेबलाची कड सोडली. मग म्हणाल्या, "याने खोट कशी नाही काढली गं?"

"चांगला असेल म्हणून."

"चांगला होता तेव्हा तर जास्त काढायचा." त्या खुर्चीवर बसल्या. "तूही हल्ली माझ्याशी फार गोड वागतेस. तुला कळलंय, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"डॉक्टरांना विचारू या की."

"विचारलं. वास परत येईलही म्हणाले, नाहीही. वाट बघा म्हणाले. त्याला डॉक्टर कशाला लागतो?"

"बेकरीवाल्याला मी सांगते, बाटल्या बदलून देते. तो काही घेणं बंद करणार नाही."

"नाही ना! येईल, वा म्हणेल, घेऊन जाईल आणि मोरीत ओतेल. माझी कीव करायला माणूस दारात यायला लागला, तर मी दार उघडू का?"

मी उठून कपाटातली अगदी मागची बाटली काढली. का, ते मलाही माहीत नाही. हातांना काहीतरी हवं होतं. बूच काढताच वास स्वयंपाकघरभर पसरला. वन्संना सोडून सगळीकडे.

"झालाय?" त्यांनी विचारलं.

"झालाय."

"कसा येतोय?"

"छान."

"छान तर तोही म्हणाला. नीट सांग."

मी हुंगलं. "गोड."

"साखर काय कमी गोड असते? तिला वास असतो का?"

"लाकडासारखा... जुन्या कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा. आणि थोडा दुधाच्या सायीसारखा." बोलता बोलताच कळत होतं, की यातला एकही तो वास नव्हे. एवढी वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून मी वास घेतला; सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. सांगायला त्या होत्या.

वन्संनी डोळे मिटले होते. मान जराशी पुढे, नाकपुड्या हलत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढे?"

मी बाटली परत नाकाशी नेली. वास होता तसाच होता, घर भरून. पुढचं काही मला सांगता येईना.