हिंदुरावांच्या जीपचा डावा एक्सल

चाक सगळ्यांना दिसतं. चाकाच्या मागे, लोखंडी नळीच्या अंधारात, त्याला फिरवणारा एक दांडा असतो. तो कुणाला दिसत नाही. हिंदुरावांच्या जीपच्या मागच्या डाव्या बाजूचा तो दांडा म्हणजे मी. मला एक्सल म्हणतात. सध्या मात्र मी नळीत नाही. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, जमिनीत अर्धा गाडलेला उभा आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. लालभडक झालो, घणाखाली ठोकला गेलो. एका टोकाला दाते पाडले, दुसऱ्या टोकाला चाक आवळायची चकती केली आणि गळ्यात बेअरिंग बसवलं. बेअरिंग म्हणजे दोन कड्यांच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडालेले पोलादी रूळ. त्यांच्या जिवावर मी दोन कामं करायची होती. चाक फिरवायचं आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजनही पेलायचं. एका नेमणुकीत दोन टेबलं मिळालेल्या माणसाला माझं दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

सुरुवातीची बरीच वर्षं आमची जीप एका सरकारी खात्यात होती. दुर्गम भागाच्या पाहणीसाठी ती घेतलेली होती. पाहणी बहुतेक कडुनिंबाच्या सावलीतूनच व्हायची. लिलावाच्या दिवशी मी जवळजवळ नव्यासारखा होतो, यावरून खात्याच्या कामाची कल्पना यावी.

लिलावात हिंदुरावांनी जीप घेतली आणि मला काम म्हणजे काय ते कळलं. त्यांची वस्ती फुगवट्याच्या काठावर. केळी, थोडा ऊस. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की मोटारपंपही त्याच्या मागं खाली न्यावा लागतो. तो गाळातून ओढायला जीप. आणि पावसाळ्यात वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतची काळ्या मातीची वाट अशी होते की मोटारसायकलवाला गाडी तिथंच सोडून पायी घरी येतो. त्या वाटेनंही जीपच.

मग हिंदुरावांच्या बायकोची, सोजरबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवारी आणि गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन रक्त धुऊन घ्यायचं, हे ठरलं. मुलगा अभिमन्यू सोलापुरात नोकरीला. विजापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर त्याचं घर. तो म्हणाला, आईला माझ्याकडं पाठवा, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. सोजरबाईंनी विचारलं, दुसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू, समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी मोजू? हिंदुरावांनी मुलाला शब्द दिला की एकही खेप चुकणार नाही. चुकली, तर तू म्हणशील तसं. म्हणजे सोजरबाईंचं आपल्या घरात राहणं आता जीपवर, आणि जीपचं बरंचसं माझ्यावर.

शब्द पाळायचा म्हणून हिंदुरावांनी चिखलाचे मोठे टायर बसवून घेतले. सोलापूरचा मिस्त्री महबूब त्याच वेळी म्हणाला होता की टायर मोठे घातले तर एक्सल आणि बेअरिंगही मोठं घाला, जोर त्यांच्यावर येतो. हिंदुरावांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. माणूस दिसणाऱ्या गोष्टीला लगेच तयार होतो. जे आत असतं, त्याच्या नशिबी पुढचं वर्ष.

आणि अमावस्या पाळायला सुरुवात झाली. अमावस्येला गाडी धुऊन, नारळ फोडून लिंबू-मिरची बांधणं हे सगळेच करतात. हिंदुरावांचं तेवढ्यावर भागेना. अमावस्येच्या आसपासच्या खेपेला, दवाखान्यातून परत येताना ते जीप तशीच उतारावरून पाण्यात न्यायचे, चाकांचे मधले भाग बुडेपर्यंत. मग ओंजळीनं पाणी घालून तिला अंघोळ घालायचे. सोजरबाई काठावर बसून बघायच्या. बायकोचं रक्त धुवायला दवाखाना होता. गाडी धुणं तेवढं त्यांच्या हातात होतं.

आत काय चाललंय ते मला कळायचं. इतक्या लांबून आल्यामुळं बेअरिंग तापलेलं असायचं. गार पाणी लागलं की आतली हवा आकसायची आणि रबरी सीलच्या फटीतून पाणी ओढून घ्यायची. ग्रीस ताकासारखं पांढरं होत गेलं. रुळांना गंज चढला. मी कुरकुरलो, पण टायरांचा आवाज मोठा होता.

आषाढातल्या एका गुरुवारी, दवाखान्याला निघताना, त्याच काळ्या वाटेवर बेअरिंगचा भुगा झाला. मला धरून ठेवणारं काही उरलं नाही आणि मी चाकासकट नळीतून बाहेर सरकलो. जीप डावीकडं कलंडली आणि चिखलात टेकली. सोजरबाईंनी पुढची दांडी घट्ट धरली होती. शेजारच्या गुरप्पानं ट्रॅक्टरवर बसवून त्यांना सडकेपर्यंत नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत मशीनवरचा त्यांचा नंबर गेला होता. सगळ्यांचं आटोपल्यावर कसाबसा लागला. अभिमन्यू सोलापुरातून धावत आला. वडिलांवर आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला की सोमवारपर्यंत गाडी भरवशाची झाली नाही, तर आईचे कपडे भरा.

दुसऱ्या दिवशी जीप टेम्पोवर चढली आणि सोलापूरला महबूबच्या गॅरेजात आली. मी मागं, गोणपाटात. महबूबनं मला बाहेर काढलं, माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि ते पांढरं बोट हिंदुरावांसमोर धरलं.

"तात्या, हे ग्रीस हाय का दही? जीप हाय ही, म्हैस न्हाय डुंबाय सोडायला."

हिंदुराव म्हणाले, "अमावस्येला घालतो पाण्यात. गरम असतानाच. आमच्या हिला काय हू नये म्हणून."

महबूबच्या तोंडात आणखी दोन टोमणे तयार असणार. त्याची तशी ख्याती आहे. ते त्यानं गिळले. हात पुसले, चहा सांगितला.

मग त्यानं नव्या पद्धतीची जोडणी समोर मांडली. एक्सल जाड, दाते जास्त, आणि दोन मोठी बेअरिंगं थेट नळीच्या टोकावर. गाडीचं वजन ती पेलणार; एक्सलनं नुसतं फिरायचं. "आता हा तुटला तरी चाक गाडी सोडून जानार न्हाय, तात्या," तो म्हणाला. "पन पान्यात घालू नका. आनि घातलीच, तर खोलून ग्रीस बदलून घ्या." रविवारी संध्याकाळी जीप तयार झाली. मला टाकून द्यायचं हिंदुरावांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी मला मागच्या सीटखाली ठेवलं.

वस्तीवर पोचल्यावर सोजरबाईंनी विचारलं, काय मोडलं होतं? हिंदुराव म्हणाले, एक्सल जुना झाला होता. सीटखालून मी ते ऐकून घेतलं. नोकरीभर इमानानं राबलेल्याच्या शेऱ्यात शेवटी असंच काहीतरी लिहिलं जातं.

सोमवार पार पडला, गुरुवारही. कपडे भरावे लागले नाहीत. पुढच्या सोमवारी अमावस्या होती. परतताना जीप उताराच्या तोंडाशी आली आणि सोजरबाई म्हणाल्या, "न्या की पाण्यात. त्या दिशी वाचलो, ते न्हाणं घातलं म्हनूनच."

हिंदुरावांनी जीप दोन हात पुढं घेतली. मग थांबवली. खाली उतरले, मला सीटखालून ओढून काढलं, जॅकखाली लावायचा दगड उचलला आणि उताराच्या मधोमध मला जमिनीत ठोकू लागले. वाट अडली तेव्हा हिंदुराव मागं न वळता बोलले.

"याच्याम्होरं गाडी न्यायची न्हाय. म्हातारा न्हवता झाला ह्यो. माज्या न्हाण्यानंच मारला. त्या दिशी तू पडली असतीस, तर ते मीच केलं असतं."

सोजरबाई सावकाश उतरल्या. सुईची पट्टी बांधलेला हात सांभाळत चालत आल्या आणि माझ्यावर दुसरा हात टेकून उभ्या राहिल्या.

"मला काय ठावं न्हाय का, गाडी धुऊन मूतखडाबी जात न्हाय ते," त्या म्हणाल्या. "तुमी दवाखान्यात दाराभाईर नुसतं बसायचा. इकडं आल्यावर हाताला काम लागायचं, तोंडावर जरा बरं दिसायचं. म्हनून म्या न्या म्हनायची."

हिंदुरावांच्या हातातला दगड खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

त्या दिवसापासून मी इथं आहे. धरण भरत आलं की पाणी वर चढतं. मग हिंदुराव मला उपटतात आणि आणखी वर ठोकतात. जीप माझ्या अलीकडं थांबते. अमावस्येला बादलीभर पाणी आणि फडकं येतं, तेही गाडी निवल्यावर. सोजरबाई हाताला लागेल तेवढी काच पुसतात, बाकीची गाडी हिंदुराव पुसतात. दोघं काय बोलतात ते इथवर ऐकू येतं. बहुतेक दवाखान्याचं असतं. आधी हे बोलणं नव्हतं.

सोजरबाईंचा हात त्या दिवशी माझ्यावर टेकला, तेव्हा तो किती हलका होता ते मी जाणतो. वजन पेलण्यात माझा जन्म गेला. त्यात मला कुणी फसवू शकत नाही. ही जीप एक दिवस एकट्या माणसाला घेऊन परत येईल. हे हिंदुरावांनाही ठाऊक आहे, सोजरबाईंना सगळ्यांत जास्त. पण त्या दिवशी सोजरबाई निघाल्या असतील त्या दुसऱ्या मजल्यावरून नाही, याच घरातून.

वाचणाऱ्यांनो, निरोप घेतो. तुमच्या घरात कुणी मुकाट्यानं फिरत असेल, तर त्याला नुसतं बाहेरून न्हाऊ-माखू घालू नका. एकदा उघडून विचारा.

उद्या गुरुवार आहे. सकाळी लवकर जीप सुरू होईल.