दह्याच्या डब्यातली रोपं

पाहुणे येणार म्हटलं की आपल्याला स्वच्छतेची आठवण होते. एरवी जिन्यात बोटभर धूळ साचली तरी कोणी ढुंकून पाहत नाही. वाचकहो, तुमच्या-माझ्या घरी तरी याहून काय वेगळं घडतं?

अशाच एका सकाळी चित्रकलेच्या बाई शाळेतल्या आपल्या वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. खिडकीखालची लांब फळी रिकामी होती. ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेली!

काल संध्याकाळपर्यंत तिथे मुलांची रोपवाटिका होती. घराघरांतून गोळा केलेले दह्याचे डबे, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, चहाचे कागदी पेले, निम्म्यातून कापलेल्या पाण्याच्या बाटल्या. मुलांनी कंपासपेटीतल्या कर्कटकाने प्रत्येकाच्या बुडाला भोकं पाडली होती, माती भरली होती, बी पेरलं होतं. मिरचीचे कोंब वर आले होते. टोमॅटोला तर पानंही फुटली होती.

"बाई, आपली रोपं मागच्या कचरापेटीत आहेत," टिल्ली म्हणाली. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून तिला सगळे टिल्लीच म्हणत. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कोणी टाकली?"

"मोठ्या बाईंनी टाकायला सांगितली."

बाईंचं डोकं सणकलं. त्या तडक मागच्या अंगणात गेल्या. पेटीत डबे एकमेकांत चेपले होते, कोवळी देठं मोडून मातीत लोळत होती. पेटीला चाकं होती. बाईंनी ती खडखडत ढकलत नेली, ती थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत!

मोठ्या बाई ताडकन उठल्या. "अहो, ही घाण इथे कशाला आणलीत?"

"घाण? माझ्या वर्गाची मेहनत आहे ही!"

"आवाज खाली करा. उद्या आपल्या शाळेचा पर्यावरण दिन आहे, पाहुणे येणार आहेत. त्यांच्यापुढे भंगार मांडायचं? मी नवे ट्रे मागवलेत. सगळे एका मापाचे, एका रंगाचे. बघणाऱ्याला बरं वाटायला नको?"

कोपऱ्यात खोकी रचली होती. निवृत्तीला आलेले विज्ञानाचे सर तिथेच चहा घेत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला, खोक्यातून एक ट्रे काढला आणि त्यावरचं प्लास्टिकचं वेष्टन टराटरा फाडलं.

"पर्यावरण दिनासाठी एवढं प्लास्टिक नव्याने आणलंत. पाहुणे गेल्यावर हे ट्रे कुठे जाणार?"

"जातील... अडगळीत."

"मग भंगार नेमकं कोणतं, तेवढं सांगा. घरात असलेली वस्तू टाकायची आणि तिच्याच कामाची दुसरी आणायची, याला तुम्ही टापटीप म्हणता?"

"सर, तत्त्वज्ञान ठीक आहे हो, पण शाळेची काही शोभा..."

"शोभा!" चित्रकलेच्या बाई कडाडल्या. "जिवंत रोपं मारून कसली शोभा आणता?"

टिल्ली पेटीच्या मागोमाग आली होती. दाराला धरून तिने विचारलं, "मोठ्या बाई, आमचं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही गं. पण ते डबे जुने, कुणीतरी वापरलेले. चांगले दिसत नाहीत."

"माझा गणवेशही जुनाच आहे. आधी ताई घालायची. मग उद्या मी पण येऊ नको का?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. पोरीकडे पाहण्याचा धीर त्यांना होईना. अरेरे! आपण हिला हे शिकवलं?

"येशील तर! तू पहिल्या रांगेत बसशील," त्या कशाबशा म्हणाल्या. मग बाह्या सारून त्यांनी पेटीत हात घातला आणि एक वाकलेलं टोमॅटोचं रोप अलगद उचललं. "सर, हे जगेल का हो?"

"देठ खोल पुरा. टोमॅटो देठालाही मुळं धरतो. मिरचीचं मात्र सांगता येत नाही."

दुपारभर सगळा वर्ग आणि मोठ्या बाई जमिनीवर फतकल मारून बसले होते. मिरची जवळजवळ सगळी गेली. टोमॅटो बरेचसे वाचले. खोकी दुकानात परत गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी भुवया उंचावून विचारलं, "हे असे डबे कसे काय?"

मोठ्या बाई सर्वांदेखत म्हणाल्या, "काल मी हे कचऱ्यात टाकले होते. या मुलांनी मला चूक दाखवली. मिरची मेली, ती माझ्यामुळे."

मित्रहो, बी रुजायला माती, पाणी आणि उजेड लागतो. देखावा लागत नाही. देखावा लागतो तो आपल्याला! त्यापायी आपण धडधाकट वस्तू फेकतो, नवा कचरा विकत घेतो आणि वापरलेलं म्हणजे हलकं असं मुलांच्या मनावर बिंबवतो. ही खोटी लाज आधी सोडा. जी वस्तू अजून कामाला येते ती कचरा नव्हे, आणि ती वापरणारा माणूस तर मुळीच कमी नव्हे!