गलोंड्याचे सगळे पेशंट फिट

आमच्या हॉस्पिटलातले कॅन्सरचे जवळजवळ सगळे पेशंट ठणठणीत आहेत, ही आनंदाची बातमी मला श्रीधर सरांनी भिंतीवर दाखवलेल्या रंगीत तक्त्यातून कळली. पाठपुरावा शहाण्णव टक्के! टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण त्या दिवशी 'रजिस्ट्रार सहयोग सप्ताह' सुरू होत होता आणि अख्ख्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार मी एकटीच. मीच गप्प बसले असते तर सहयोग कुणाशी केला असता त्यांनी?

रजिस्ट्रार म्हटलं की सिल्वासात लोक मला लग्नाच्या नोंदणीला काय काय कागद लागतात ते विचारतात. माझं काम वेगळं. कुणाला कुठला कॅन्सर झाला, कोणते उपचार झाले आणि आज तो माणूस कसा आहे, हे मी वर्षानुवर्षं नोंदवत राहायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. इथले निम्मे पेशंट कारखान्यांतले, शिरपूर-नंदुरबारकडून आलेले. आज गलोंड्याला, उद्या किलवणीला, आणि सिमकार्ड चपलेच्या आधी बदलतं. त्यांना शोधायला मी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. बाहेर फोन लागेल अशी एक लाइन, आणि आठवड्यातून एकदा गाडी.

श्रीधर सर आमचे प्रशासक, पुण्याचे, व्यवस्थापन शिकून आलेले. त्यांनी माझी मागणी फारच मनावर घेतली. मला एक टी-शर्ट मिळाला, छातीवर 'आकड्यांमागचा माणूस' असं छापलेला आणि मापाने त्या माणसाच्या नवऱ्याला बसेल असा. ताण घालवण्यासाठी ऑनलाइन श्वसनाचं शिबिर झालं. आणि मुख्य म्हणजे, फोन करायची कटकट माझ्या डोक्यावरून कायमची काढून वापीच्या एका कॉल सेंटरला दिली गेली. तिथल्या मुली विचारायच्या, "मरीज़ ठीक हैं? ट्रीटमेंट हो गई?" उत्तर 'हो' आलं की संगणकावरचे पुढचे सगळे चौकोन आपोआप हिरवे व्हायचे.

शुक्रवारी समारोप होता. बाहेरून पाहुणे येणार, उत्तम पाठपुराव्याची ढाल देणार आणि व्यासपीठावरूनच एखाद्या पेशंटला फोन लावून त्याची ख्यालीखुशाली विचारणार. ही कल्पनाही सरांचीच.

मंगळवारी सकाळी मला सुरतेहून फोन आला. तिथल्या रेडिएशन विभागातली बाई विचारत होती, "तुमचा तो नवनाथ येणार आहे की नाही?"

नवनाथ म्हणजे गलोंड्याच्या धाग्याच्या कारखान्यातला, पस्तिशीचा कामगार. त्याच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आमच्याकडे झालं होतं. त्यानंतर सहा आठवड्यांत रेडिएशन, म्हणजे लोक म्हणतात तो शेक, सुरू व्हायला हवा. उशीर झाला तर रोग पुन्हा उलटायची भीती. ती मुदत गुरुवारी संपत होती.

"गुरुवारची जागा मी धरून ठेवलीय," ती म्हणाली. "पण तुमच्या सिस्टीमवर त्याचा शेक पूर्ण झालाय असं दिसतं. सरकारी योजनेची मंजुरीच मिळत नाहीये. तुमचं तुम्ही बघा बाई काय ते."

मी नवनाथची नोंद उघडली. शेक पूर्ण. प्रकृती उत्तम. कामावर रुजू. सुरतेला गेलाच नाही तर शेक घेतला कुठे, घरच्या गॅसवर? माझं डोकंच फिरलं. मग त्याचा फोन नंबर बघितला आणि तो ओळखीचा वाटला. थोड्या वेळापूर्वी गलोंड्याच्याच केसरबाई म्हणून एका पेशंटच्या नोंदीत हाच नंबर दिसला होता. मी तो नंबर शोधून पाहिला तर गलोंड्याचे सगळे पेशंट आणि किलवणीचेही बरेचसे याच एका नंबरवर राहत होते, आणि सगळेच्या सगळे मजेत.

गाडी मागितली. गाडी ढालीच्या टेबलावर अंथरायला मखमल आणायला गेली होती. मग काढली स्वतःची स्कूटर आणि गेले गलोंड्याला.

नंबर निघाला कारभारीचा. कारभारी तिथला लेबर ठेकेदार, मूळचा शिरपूरकडचा. कामगारांची खोली, किराणा, गेटपास सगळं त्याच्या हातात. हॉस्पिटलच्या खिडकीवर 'नंबर सांगा' म्हटलं की माणसं त्याचाच नंबर सांगतात. आपला नंबर पुढच्या महिन्यात असेल-नसेल, कारभारी कुठे जात नाही. तसा विचार बरोबरच आहे.

कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर तो भेटला. मी भांडायच्याच तयारीने गेले होते.

"वापीवाल्या मुलींना तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू ताई? दवाखानामधून फोन येस, मानूस ठीक शे का म्हनी इचारतस. मी सांगस, फिट शे, ड्युटीवर शे."

"प्रत्येकाबद्दल?"

"मंग? गेटपास देवाना आगोदर कंपनी दवाखानालेच इचारस ना, मानूस फिट शे का म्हनी. एक डाव 'नही' सांगं का गेटपास बंद, पगार बंद. मी आजवर एकबी मानूस पडू दिधा नही."

म्हणजे आमचा फोन हा त्याला कंपनीची फिटनेसची तपासणी वाटत होता! वर्षभर तो जिवाच्या आकांताने पन्नास माणसांची नोकरी वाचवत होता आणि आम्ही त्याचे हिरवे चौकोन करून ढाल मिळवत होतो. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता, उलट मी त्याचे आभार मानीन असंच त्याला वाटत असावं. एवढा राग घेऊन आलेल्या माणसाची ही फार मोठी पंचाईत असते.

"शेकाचं काय सांगितलंत? नवनाथचा?"

"इचारनी पोरगी, ट्रीटमेंट हुयी गयी का? मी म्हनं, सगळी हुयी गयी. अर्धी सांगसू त फिट कसा म्हनतीन?"

नवनाथ मागच्या चाळीत राहत होता. डबा घेऊन कामावरच निघाला होता, गालावरून रुमाल बांधलेला. त्याची बायको सुमन दारात उभी होती. मी सुरतेच्या चिठ्ठीचं विचारलं. तिने ती देवाच्या फोटोमागून काढून दाखवली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"जानार व्हतूत ताई," सुमन म्हणाली. "पन मंग तुमना दवाखाना फोन उना आनि कारभारीभाऊ सांगी गया, दवाखानानी पास करं. तुम्हीच पास करं ना?"

कारभारीने आम्हाला सांगितलं नवनाथ बरा आहे, आणि आम्ही विचारलं यावरून नवनाथला वाटलं की तो बरा आहे. असा हा आमचा शहाण्णव टक्के पाठपुरावा. त्या दारात मला फार लाज वाटली, आणि भीतीही.

बुधवारी तिघांनाही घेऊन मी श्रीधर सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. शिबिरात शिकवलं होतं तसाच श्वास घेतला.

"अपर्णा, तुमची तळमळ मला कळते. पण डेटा शुक्रवारपर्यंत लॉक केलाय. आता एक नोंद बदलली तर टक्केवारी हलेल. शनिवारी सकाळी पहिलं काम हेच करू."

"शनिवारी मुदत संपलेली असेल सर. शेक उद्या सुरू व्हायला हवा. मंजुरी हवी तर नोंद आज बदलावी लागेल."

"पण सिस्टीम म्हणते शेक झालाय."

"सर, माणूस समोर बसलाय."

सरांनी नवनाथकडे बघितलं, मग पडद्याकडे. दोघांत त्यांना पडदा जास्त विश्वासाचा वाटला असावा. "आपण पडताळून घेऊ," असं म्हणून त्यांनी टेबलावरच्या फोनवरून नोंदीतला नंबर फिरवला. समोर कारभारीच्या खिशात गाणं वाजायला लागलं. कारभारी दचकला, फोन कानाला लावून भिंतीकडे वळला.

"नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतोय," सर त्याच्यापासून हातभर अंतरावरून म्हणाले. "नवनाथ कसे आहेत?"

"फिट शे साहेब!" कारभारी खणखणीत आवाजात म्हणाला. "ड्युटीवर शे!"

शेजारच्या खुर्चीवर नवनाथ रुमाल गालाला दाबून बसला होता.

"बघा," सर मला म्हणाले. शपथेवर सांगते, ते खरंच 'बघा' म्हणाले.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "कारभारी, केसरबाई कशा आहेत?"

"फिट..." तो अडखळला. माझ्याकडे वळला. फोन कानावरून खाली आला. "केसरबाई त होळीलेच गयी ताई. मीच खांदा दिधा तिले."

पडद्यावर केसरबाईंचा चौकोन हिरवागार होता. प्रकृती उत्तम, कामावर रुजू. सुमन हळूच खुर्चीवरून उठली आणि नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"सर," मी म्हटलं, "शुक्रवारी पाहुणे व्यासपीठावरून फोन लावणार आहेत ना? त्यांना द्यायच्या यादीतलं पहिलं नाव केसरबाईंचंच आहे. लावू द्या. ड्युटीवर आहेत म्हणून सांगेल कोणीतरी."

सरांचा चेहरा उतरला. नवनाथचा गाल त्यांना दिसला नव्हता, पण ते मखमलीचं टेबल त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी पासवर्ड टाकला आणि लॉक उघडलं. "फक्त ही एक नोंद," ते म्हणाले.

मी 'बरं' म्हटलं. नवनाथची नोंद खरी करून सुरतेला फोन केला, तासाभरात मंजुरी आली. लॉक उघडंच होतं, मग खुर्ची ओढून कारभारीला शेजारी बसवलं आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. हा गावी गेला. हिची दुसरी गाठ वर आलीय, सांगत नाही. हा गेला. हाही गेला, गणपतीत. सांगता सांगता कारभारीचा आवाज बसला. ही सगळी गेलेली, आजारी माणसं आपण कागदोपत्री कामावर ठेवली होती हे त्याला आत्ता कळत होतं. मध्येच तो म्हणाला, "ताई, माले आदीच नीट इचारतात त मी सांगतू ना." मी पुढचं नाव वाचलं.

संध्याकाळपर्यंत टक्केवारी निम्म्याच्या खाली आली. ढाल दुसऱ्या एका हॉस्पिटलला गेली, त्यांचा पाठपुरावा म्हणे अठ्ठ्याण्णव टक्के आहे. त्यांच्या रजिस्ट्रारला मी मनातल्या मनात नमस्कार केला. श्रीधर सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. मखमल आता कॅन्टीनच्या काउंटरवर आहे. फोनची लाइन मात्र मिळाली, कारण कॉल सेंटरचं बिल मंजूर करायला कोणी पुढे येईना.

नवनाथ गुरुवारी सुरतेला पोचला. शेक सुरू झाला. तो पुरेसा वेळेत झाला का, हे डॉक्टरही आताच सांगत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी सुमनच्या नंबरवर फोन लावला, तर फोन त्यानेच उचलला.

"नवनाथ, बरे आहात का?"

त्या शिवलेल्या गालातून, जड जिभेने तो म्हणाला, "नही ताई. बरं नही शे. तोंड भाजस. घास जात नही. लई दुखस."

माझे डोळे भरून आले. शेकात असं होतंच, त्यावर औषध असतं, ते सगळं मी त्याला सांगितलं आणि सुरतेच्या डॉक्टरांना आजच सांगायला बजावलं. त्याने सांगितलेलं शब्दन् शब्द नोंदवून घेतलं. चौकोन लाल झाला.

"उद्या जाल ना शेकाला?"

"जासू ना," तो म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता थांबला. "ताई, परत इचारज्यात."